मोहेरला ढिला हात लागतो

भाचीनं मोहेरचे चार गुंडे आणले आणि त्याच रात्री तिचा फोन आला. "मावशी, दहा नंबरच्या सुयांवर घेतलंय, पण सगळं पुठ्ठ्यासारखं झालंय गं." होणारच. तिला फोनवर सांगितलं तेच इथे उतरवते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

धागा बारीक दिसला की आपला हात बारीक सुईकडे जातो. मोहेरला ते चालत नाही. मधला धागा शिवणाच्या दोऱ्याएवढा असला, तरी त्याची लव चहूकडे पसरते आणि तिला जागा लागते. सहा नंबरची सुई घे, म्हणजे पाच मिलिमीटरची. विणताना कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसेल, दिसू दे. धुतल्यावर लव फुलते आणि भोकं भरतात. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत नेमकं उलटं. तिकडची आठ नंबर म्हणजे आपली सहा. तिकडून कुणी नमुना पाठवला तर नंबर विचारू नकोस, मिलिमीटर विचार. आणि सुया बांबूच्या घे. स्टीलवरून हे टाके फार सटकतात.

आधी हातातली लोकर खरी आहे का ते बघ. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस. अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकाराचं जुनं नाव, पण आज सगळ्यांत जास्त मोहेर दक्षिण आफ्रिकेतून येते. आपल्याकडेही संगमनेरी शेळीशी अंगोराचा संकर करून पाहिलेला आहे. नुसतं 'अंगोरा' म्हणून मिळते ती लोकर मात्र सशाची. दुकानात मोहेर म्हणून ॲक्रिलिकही खुशाल गळ्यात मारतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लाव. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर ठीक. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. स्कार्फ त्याचाही होतो, फक्त पैसे त्या हिशेबानं दे.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाल, म्हणजे पहिली ओळ आवळत नाही. वीण साधी ठेव, सगळ्या ओळी सुलट. वेण्या, नक्षी यांत हात दुखवून घेऊ नकोस. लवेखाली काही दिसत नाही. त्याचा फायदाही आहे, चुकलेला टाकाही दिसत नाही. एखादं घर चुकलं तर पुढे जा.

उसवायची वेळ येऊच नये, कारण लव एकमेकींत अडकते आणि धागा तुटतो. म्हणून दर वीस ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेव. गडबड झालीच तर तिथवरच उसवायचं. त्याआधी विणकाम पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेव. गारठ्यानं लव जरा बसते आणि धागा सुटतो. घरचे हसतील, हसू देत.

रंग बदलताना गाठ मारायची नाही. जुना आणि नवा धागा वीतभर एकत्र धरून विण, लवच लवेला धरून ठेवते. रंग नेहमी एकाच बाजूनं बदल; उलट्या बाजूला ठिपक्यांची रेघ दिसते, ती दोन्हीकडे आली की वाईट दिसतं. दोन रंगांचे धागे एकत्र धरून विणलेस तर मिसळून तिसराच रंग दिसतो. जांभळ्याबरोबर कैरीचा हिरवा मला आवडतो. माझ्या बहिणीला आवडत नाही.

आता उरलेल्या लोकरीच्या वाटपाचं. रेशीम मिसळलेल्या बारीक मोहेरचा पंचवीस ग्रॅमचा गुंडा साधारण दोनशे मीटरचा असतो. म्हणजे पाच ग्रॅम उरलं तरी चाळीस मीटर झालं. ओळीला रुंदीच्या तिप्पट धागा लागतो, असा माझा अंदाज. वीस सेंटिमीटर रुंद स्कार्फच्या साठेक ओळी त्यात निघतात, वीतभर पट्टा होतो. सात जणींचे सात उरलेले गोळे मिळाले की एक पुरा स्कार्फ झाला. म्हणून आमच्या विणकामाच्या शनिवारच्या बैठकीत स्वयंपाकघरातला वजनकाटा मधोमध असतो. देताना गोळा सैल गुंडाळायचा आणि आत चिठ्ठी ठेवायची: किती ग्रॅम, कशाची लोकर, सुई कुठली. गुंता झालेली लोकर द्यायची नाही. ते वाटप नव्हे, कामाला लावणं झालं.

आणि कसर! एकदा मी मैत्रिणीला मरून रंगाचा सुंदर गोळा दिला. त्यात कसर होती, मला कळलं नाही. तिच्या ट्रंकेतली निम्मी लोकर गेली. ती काही बोलली नाही, पण दोन महिने बैठकीलाही आली नाही. तेव्हापासून दिलेली असो की घेतलेली, लोकर बंद पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये राहते. मग डब्यात, वेखंडाच्या पुरचुंडीबरोबर. वेखंडानं आलेली कसर मरत नाही, म्हणून आधी फ्रीझर.

स्कार्फ झाला की कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडव. चोळू नकोस, पिळू नकोस. टॉवेलात गुंडाळून दाब आणि सावलीत आडवा वाळव. कुणाला द्यायचा असेल तर आधी तुकडा मानेला लावून दहा मिनिटं बसायला सांग. काहींना मोहेर टोचते, त्यांच्यासाठी मेरिनो.

माझ्याकडे जांभळा सात ग्रॅम आणि कैरीचा हिरवा पाच ग्रॅम उरलाय. शनिवारी ये. येताना तुझा वजनकाटा आण, माझ्या काट्याचे सेल संपलेत.