दवाखान्याकडून आलेलं पत्र फेकू नका

अमेरिकेत नव्याने आलेल्यांना आम्हा जुन्या कुटुंबांचं पहिलं सांगणं हेच, की टपालातलं प्रत्येक पाकीट उघडा. खिडकीचं साधं पाकीट, पाठवणारी कंपनी अनोळखी, म्हणून जाहिरात समजून ते कचऱ्यात जातं. आत मात्र लिहिलेलं असतं, की तुमचं नाव, सोशल सिक्युरिटी नंबर, निदान अशी माहिती चोरीला गेली आहे. चोरी पुष्कळदा डॉक्टरांकडे नाही, तर बिलं हाताळणाऱ्या मधल्या कंपनीकडे होते. फेब्रुवारी 2024 मध्ये चेंज हेल्थकेअर या अशाच कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे 19 कोटी लोकांची माहिती गेली. आपले विम्याचे दावे तिच्याकडून जातात, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

पत्र जपून ठेवा. त्यावरच्या तारखेला महत्त्व आहे. रुग्णांची माहिती जपणाऱ्या 1996 च्या हिपा कायद्याखाली, माहितीची गळती उघड झाल्यापासून 60 दिवसांच्या आत रुग्णाला कळवावं लागतं. तुम्हाला कळल्यापासून 180 दिवसांत आरोग्य खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. व्हिसाच्या धास्तीने गप्प बसणारे आम्ही पाहिलेत आणि त्याचं फार वाईट वाटतं. हिपाचं संरक्षण नागरिकत्व पाहून मिळत नाही.

वकिलाचं काम वेगळं. हिपाखाली रुग्णाला स्वतः दावा लावता येत नाही; भरपाई मागायची ती राज्याच्या कायद्याखाली. कॅलिफोर्नियात हलगर्जीपणामुळे वैद्यकीय माहिती बाहेर गेली, तर नुकसान सिद्ध न करताही 1,000 डॉलर मागता येतात, पण ती माहिती कुणीतरी खरोखर पाहिली हे दाखवावं लागतं. असे वकील बहुधा आधी पैसे घेत नाहीत, मिळालेल्या रकमेत टक्का घेतात. तो टक्का आणि इतर खर्च लेखी घ्या. मोठ्या गळतीत सामूहिक दावा होतो; अँथम या विमा कंपनीच्या 2015 च्या गळतीत 11.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. अशा वेळी दावा-अर्ज मुदतीत भरला नाही, तर हाती काही येत नाही.

पत्र आलं त्याच दिवशी इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नोंदी बंद करून घ्या, मुलांचंसुद्धा. ते फुकट असतं. मग विमा कंपनीकडून येणारं 'हे बिल नाही' असं छापलेलं पत्रक ओळीओळीने वाचा. न घेतलेला उपचार दिसला, तर तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी उपचार घेतलेले असू शकतात. पैशांपेक्षा मोठा धोका हा, की त्याचा रक्तगट, त्याची ॲलर्जी तुमच्या फाइलमध्ये शिरते. फाइलची प्रत मागा, ती साधारण 30 दिवसांत द्यावी लागते, आणि चूक दुरुस्त करण्याची लेखी विनंती करा.

आपल्याकडचे नवे लोक भाड्याची घरं वरचेवर बदलतात आणि असं पत्र जुन्या पत्त्यावर जातं. नवा पत्ता टपाल खात्याला कळवाच, शिवाय दवाखान्याला आणि विमा कंपनीलाही, जुन्या नोकरीतल्या विमा कंपनीलासुद्धा.