मुंबई दर्शन, पण बेतानं

राणीची बाग, हाजी अली, घारापुरी आणि चौपाटी एकाच दिवसात उरकायचा बेत केला की संध्याकाळी घरात कुणीच कुणाशी बोलत नाही. म्हणून फोर्ट-कुलाब्याचा एकच पट्टा धरायचा. ही आखणी ठाण्या-डोंबिवलीला पाहुणे म्हणून उतरलेल्या कुटुंबासाठी आहे. सोबत आजी आणि शाळकरी मुलं आहेत असं धरलंय.

१. आधी वार ठरवा. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुधा मेगाब्लॉक असतो, शिवाय गेटवेवर जत्रा भरते. दुसरा किंवा चौथा शनिवार बघा. बँका बंद, सरकारी कचेऱ्याही बंद, त्यामुळे लोकलमध्ये निदान श्वास घेता येतो. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

२. साडेनऊच्या आत घराबाहेर पडायची गरज नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, बारापर्यंत अर्धं. आजी आणि धाकटी लेडीज डब्यात, बाकीचे जनरलमध्ये असं विभागलात तर सीएसएमटीला कुठे भेटायचं ते चढण्याआधीच ठरवा. ऐन गर्दीत फोन लागेलच असं नाही. मुलांच्या खिशात नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. ठाण्याहून बसलात तर त्यांना सांगा, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच दोन टोकांमध्ये धावली, फक्त उलट्या दिशेनं, बोरीबंदरहून.

३. सीएसएमटी हे उतरायचं ठिकाण आहे तसंच बघायचंही. भुयारी मार्गानं समोर, महापालिकेच्या बाजूला या आणि मागे वळून बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. कोणता कुठे ते मुलांना शोधू दे. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचं हे स्टेशन १८८८ साली पूर्ण झालं, आणि तुमच्या पाठीशी असलेली महापालिकेची इमारतही त्याचीच. वीस मिनिटं पुरेत.

४. ऊन चढायच्या आत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. रिक्षा या भागात चालत नाहीत. बस किंवा काळी-पिवळी. टॅक्सीत चारच माणसं बसतात, तेव्हा सहा जण असाल तर दोन टॅक्सींचा खर्च धरून चला. आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट सोडा. मुलांसाठी प्राणी-पक्ष्यांचं दालन, नंतर शस्त्रं किंवा लघुचित्रं, एवढंच. आजींना पाय दुखायच्या आधीच बाकावर बसवा. दुखल्यावर त्या सांगतात, पण तोवर दिवसाचा निम्मा जोर गेलेला असतो. बाहेर पडताना सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, लागली असो वा नसो. पुढे इतकी बरी सोय पटकन मिळत नाही.

५. जेवण फोर्टातल्या एखाद्या उडप्याकडे, बसून, सावकाश. चालता चालता वडापाव खाल्ला की पोट भरतं, पाय मात्र तसेच राहतात. दुपारी अडीचपर्यंत उठू नका.

६. गेटवेला चारच्या सुमारास जा. कमानीचं तोंड पूर्वेला, समुद्राकडे, म्हणून दुपारनंतरचं ऊन चौकाकडच्या बाजूवर पडतं आणि फोटो चांगले येतात. संग्रहालय आणि गेटवे दोन्ही वास्तुविशारद जॉर्ज विटेटचीच. गेटवे १९२४ साली खुलं झालं आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. मुलांना हे सांगितलं की कमान नुसती कमान राहत नाही. घारापुरी आज नको. जायला तासभर, वर पायऱ्या. त्यासाठी वेगळा दिवस काढा, फक्त सोमवार नको, लेणी बंद असतात. पाण्यावर जायचंच असेल तर बंदरातली छोटी फेरी पुरते; लाइफ जॅकेट प्रत्येकानं घालायचं, पोहता येणाऱ्या काकांनीही.

७. सूर्यास्त गेटवेवर दिसत नाही, हे ऐन वेळी कळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यासाठी पश्चिमेला, मरीन ड्राइव्हला जावं लागतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून सव्वापाचला टॅक्सी धरा. कठड्यावर बसा, पलीकडच्या सिमेंटच्या दगडांवर उतरू नका. भूक असेल तर गिरगाव चौपाटीवर भेळ.

८. परत निघताना शनिवारीही घाई नको. आठनंतर सीएसएमटीवरूनच सुटणारी गाडी घ्या. फलाटावर लागलेली भरली असेल तर ती सोडा, पुढची रिकामी येते आणि आजींना खिडकी मिळते. भेळ मात्र बांधून घेऊ नका, ठाणं येईपर्यंत कुरमुरे मऊ पडतात.