नव्या देशातला पहिला हंगाम : ओव्हन, तूप आणि दाण्याचं कूट

अमेरिकेत येणारी बरीच मराठी कुटुंबं मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या सुमारास येतात. घर लागेपर्यंत दिवाळी येते, पाठोपाठ थँक्सगिव्हिंग आणि मग नाताळ. इथल्या स्वयंपाकघरातले सगळ्यांत धावपळीचे हेच अडीच-तीन महिने. नेमकी तेव्हाच हाताशी ओळखीची शेगडी नसते, कढई नसते आणि विचारायला शेजारच्या काकूही नसतात. न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सस, कॅलिफोर्निया इथे वर्षानुवर्षं रुळलेल्या घरांनी जे सांगितलं ते इथे एकत्र केलं आहे. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे : सगळा स्वयंपाक इंडियन ग्रोसरीच्या फेरीवर अडवून ठेवू नका. जवळच्या साध्या सुपरमार्केटात आपल्या कामाचं खूप काही मिळतं, फक्त कशातून काय होतं ते कळायला हवं.

सुरुवात तुपापासून करा. अनसॉल्टेड बटरचा १ पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा पुडा आणा. त्यात ४ कांड्या असतात. मंद आचेवर कढवलं की साधारण साडेतीनशे ग्रॅम तूप निघतं आणि घरभर आपल्या घरासारखा वास सुटतो. मिठाचं बटर घेऊ नका, बेरी खारट होऊन वाया जाते. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यांत लोणी, मैदा, साखर स्वस्त होतात. तेव्हा बटरचे चार पुडे जास्त घेऊन फ्रीझरमध्ये टाका, महिनोन्‌महिने टिकतात. श्रीखंडासाठी फुल फॅट ग्रीक योगर्ट आणा आणि तरीही रात्रभर फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगून ठेवा. पाणी निघतंच. डब्यावरचे घटक मात्र वाचा, काही दह्यांत जिलेटिन असतं. पोळ्यांसाठी इथलं होल व्हीट पीठ नको. पोळी वातड होते, कोंडा वेगळा लागतो. त्यासाठी इंडियन ग्रोसरीतला आटाच बरा. बेसनाचंही तसंच : सुपरमार्केटात मिळणारं चिकपी फ्लोअर बहुधा काबुली चण्याचं असतं, त्याच्या लाडवाला आपली चव येत नाही. आणि लाडवात इथली तयार पिठीसाखर घालू नका. तिच्यात कॉर्नस्टार्च मिसळलेलं असतं, लाडू जिभेला चिकट लागतो. साधी साखर मिक्सरमधून काढा.

हंगामातली खरी कमाई म्हणजे डब्यातला लाल भोपळा. नोव्हेंबरात दुकानात त्याचे ढीग लागतात. त्यातून घारगे इतके सुरेख होतात की भोपळा किसत बसायची गरजच उरत नाही. डबा घेताना घटकांत फक्त ‘पम्पकिन’ आहे ना ते बघा. शेजारीच तसाच दिसणारा ‘पम्पकिन पाय मिक्स’चा डबा असतो, त्यात साखर आणि दालचिनी-लवंग आधीच घातलेली असते. १५ औंसाच्या, म्हणजे ४२५ ग्रॅमच्या डब्याला साधारण २०० ग्रॅम गूळ घ्या. हा गर ताज्या किसापेक्षा ओला असतो, म्हणून गुळाबरोबर तो नीट आटवणं हे यातलं मुख्य काम. आधी फटफट उडतो, मग चकाकी येते आणि शेवटी मिश्रण कढईच्या कडा सोडून उलथन्याबरोबर फिरू लागतं. तिथपर्यंत थांबा. कोमट झालं की मीठ, वेलची, चमचाभर तूप, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंबही नको. तासभर झाकून ठेवा, जाडसर थापा आणि मध्यम आचेवर तळा. पहिला घारगा फुगला नाही तर पिठात अजून मूठभर कणीक मळा. ऑफिसच्या किंवा शाळेच्या जेवणात हा पदार्थ न्यावा असं आम्ही आवर्जून सांगतो. भोपळा इथल्यांच्या जिभेवर आहेच, गूळ-वेलचीची चव त्यांना मनापासून आवडते.

तळताना एक लक्षात असू द्या. बऱ्याच अपार्टमेंटमधला पंखा धूर बाहेर न टाकता गाळून पुन्हा घरातच सोडतो. फोडणी जळली की स्मोक अलार्म वाजणारच. आधी खिडकी उघडा, आच कमी ठेवा, पण अलार्मची बॅटरी कधीही काढू नका. गोल बुडाची कढई विजेच्या सपाट शेगडीवर नीट बसत नाही, सपाट बुडाची आणा. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहून घ्या. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. थंड करून जुन्या बरणीत भरा आणि कचऱ्यात टाका.

आता ओव्हन. आपल्यातल्या कितीतरी घरांत ओव्हन म्हणजे पातेली ठेवायचं कपाट असतं. मग एक दिवस कोणीतरी तो चालू करतं आणि आत प्लॅस्टिकचं झाकण वितळतं. चालू करण्याआधी उघडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आकडे फॅरनहाइटमध्ये असतात : ३५० म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस, ३२५ म्हणजे १६३. आतला पंखा चालू असेल तर २५ अंश कमी ठेवा. ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय ट्रे आत सरकवू नका. ट्रेमध्ये घालायला पार्चमेंट पेपर घ्या. त्याच्याच शेजारी मिळणारा वॅक्स पेपर ओव्हनमध्ये चालत नाही, त्याचं मेण वितळून धूर होतो. ‘ब्रॉइल’ म्हणजे फक्त वरची प्रखर आच. केक त्यावर करपेल, पण भरिताच्या वांग्याला ती छान. वांग्याला तेल लावा, काट्याने चहूबाजूंनी टोचा, मध्ये मध्ये फिरवत राहा. टोचलं नाही तर वांगं फुटतं आणि ओव्हन साफ करताना दिवस जातो.

ओव्हनची भीती मोडायला नानखटाईसारखं दुसरं काही नाही. पुण्या-मुंबईत दिवाळीच्या आधी घरचं तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि नानखटाई भाजून आणायची, हे आपल्या आज्यांनी केलेलंच आहे. इथे ती बेकरी घरात आहे. अर्धी वाटी थिजलेलं तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसा (इथे तयार पिठीसाखर चालते). वाटीभर मैदा, दोन-दोन चमचे बेसन आणि बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची घाला. मळू नका, नुसतं एकत्र करा. गोळे ट्रेमध्ये मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ती पसरत नाही. मग ३२५वर १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. डिसेंबरात शेजारीपाजारी कुकीज करून एकमेकांना देतात, त्यात आपली नानखटाई बिनदिक्कत द्या. नाताळच्या फराळाशी आपलं नातं नवं नाहीच. गोव्यात कुसवाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात नेवऱ्या असतात, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच की.

अंडं न खाणाऱ्यांसाठी : साध्या केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप दही, किंवा चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून. दही घातलं तर थोडा खायचा सोडा हवाच, दोघांच्या संयोगानेच केक फुगतो. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या शहरात (५,२८० फूट) हवेचा दाब कमी असतो. तिथे बेकिंग पावडर कमी घाला, नाहीतर केक भरभर वर येऊन मध्येच बसतो.

आता ज्याच्याबद्दल आम्हाला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते : दाण्याचं कूट. ते आपल्या कोशिंबिरीत आहे, खिचडीत आहे, भरल्या वांग्यात आहे, आणि दिसत नाही. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर अर्धा चमचा कूटही बेतू शकतं. अनेक शाळांत दाणे आणायला सक्त मनाई असते, आणि ती तंतोतंत पाळा. डब्यातली चिक्की, लाडू, कूट घातलेली काकडी, काहीच नाही. कुठेही पदार्थ नेताना सोबत घटकांची चिठ्ठी ठेवा. ज्या खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये कूट केलं, त्यातच वाटण केलं असेल तर तेही लिहा. तिळाचंही तसंच. १ जानेवारी २०२३पासून इथल्या कायद्यात तीळ हा नववा मुख्य अ‍ॅलर्जन धरला जातो, त्यामुळे संक्रांतीचा तिळगूळ वर्गात वाटण्याआधी बाईंना विचारा. ग्लूटेन न चालणारा पाहुणा येणार असेल तर हिंगाची डबी तपासा. बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं.

थँक्सगिव्हिंगचं बोलावणं आलं आणि तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच सांगा. यजमानांना त्याचं वाईट वाटत नाही, ऐनवेळी पान रिकामं राहिलं तर मात्र वाटतं. स्टफिंग आणि ग्रेव्ही चिकनच्या किंवा टर्कीच्या रसातली असते. रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. पायच्या पारीत कधी कधी डुकराची चरबी असते. मॅश केलेले बटाटे आणि क्रॅनबेरी सॉस सहसा चालतात, तरी विचारून घ्या. तुमच्याकडून एक भरपेट पदार्थ न्या, म्हणजे काळजी मिटली.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. घर हीटरने उबदार असतं, बाहेरच्या थंडीवर जाऊ नका. भात तर अजिबात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फ्रिज ४० फॅरनहाइट किंवा त्याखाली ठेवा आणि शिजवलेलं तीन-चार दिवसांत संपवा. केकचं कच्चं पीठ मुलांना चाटायला देऊ नका, अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यातून जंतू पोटात जाऊ शकतात.

भारतातून येताना मसाले, पापड, लोणची आणा, पण विमानतळावर सगळं जाहीर करा. कढीपत्ता आणू नका, तो चालत नाही. झाडांच्या रोगामुळे त्यावर बंदी आहे.

शेवटी फराळाच्या ऑर्डरींबद्दल. हाताला चव असली की मंडळातले लोक चकल्या-करंज्या मागू लागतातच. पण घरून खाद्यपदार्थ विकण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, आणि तळलेल्या किंवा दुधाच्या पदार्थांना कित्येक ठिकाणी परवानगी नसते. जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आला असाल आणि स्वतंत्र वर्क परमिट नसेल, तर पैसे घेऊन एक डबाही देऊ नका. त्याचा परिणाम पुढच्या व्हिसावर होऊ शकतो. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग आपल्या राज्याच्या आरोग्य खात्याचे नियम वाचा आणि त्यानंतरच पहिली ऑर्डर घ्या.