शंभर मजल्यांचा किल्ला : एका लोकप्रिय मालिकेविषयी

ज्या गोष्टीवर आपल्या बरोबरीच्या मुलामुलींचा मनापासून जीव आहे, ती आपल्याला आवडत नाही असे लिहिणे तसे अवघडच. 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' ही जपानी ॲनिमे मालिका नायगावहून लोकल धरणाऱ्या आमच्यापैकी कितीतरी जणांनी मोबाइलवर इंग्रजी उपशीर्षके वाचत पाहिली आहे. तिच्यातील काळ्या कोटातला नायक कित्येकांच्या दप्तरावर बिल्ला होऊन बसला आहे. मीही ती मालिका पूर्ण पाहिली, काही भाग दोनदा पाहिले. ती आवडली नाही हे पाहतानाच कळले होते; का आवडली नाही, हे मात्र प्रारंभीच्या मराठी कादंबरीचा अभ्यास करू लागल्यावर थोडेफार उमगले. जपानच्या चित्रमालिकेला रिसबुडांची आणि हरिभाऊंची फूटपट्टी कशाला, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. डोक्यावर शिरस्त्राणासारखे यंत्र चढवले की मनुष्य सर्वांगाने खेळाच्या जगात वावरू लागतो, असा एक खेळ बाजारात येतो. ६ नोव्हेंबर २०२२ हा कथेतील पहिला दिवस. दहा हजार लोक खेळात शिरतात आणि बाहेर पडण्याची सोय नाहीशी झाल्याचे त्यांना कळते. खेळाचा निर्माता कायाबा अकिहिको आभाळात प्रकट होऊन नियम सांगतो : ऐनक्रॅड नावाच्या तरंगत्या किल्ल्याचे शंभर मजले सर करा, तरच सुटका, खेळात मेलात तर डोक्यावरचे यंत्र तुमचा मेंदू जाळील, बाहेरच्या कोणी ते यंत्र उपटले तरी तेच. किरितो हा मुलगा पूर्वी चाचणीच्या फेरीत हा खेळ खेळलेला असतो. तो एकट्याने वाट काढू लागतो, पुढे असुना ही तलवारबाज मुलगी त्याची सहचरी होते, आणि पंचाहत्तराव्या मजल्यावर, दोन वर्षांनी, खेळ संपतो. पंचवीस भागांपैकी पहिले चौदा एवढ्यासाठी खर्ची पडले आहेत. उरलेल्या भागांत असुनाला दुसऱ्याच एका खेळात पिंजऱ्यात कोंडलेले असते आणि किरितो तिला सोडवतो.

(या तारखेची एक गंमत. खरा ६ नोव्हेंबर २०२२ उजाडला तेव्हा ऑक्युलस कंपनीचा संस्थापक पामर लकी याने, खेळात हरल्यास घालणाऱ्याला खरोखर ठार करील असे स्फोटकांचे शिरस्त्राण आपण बनवल्याचे जाहीर केले. ते वापरण्यासाठी नव्हते, कचेरीत मांडून ठेवण्याची ती एक कलावस्तू होती. कथेतील नियमाची भुरळ किती जबर आहे, हे त्यावरून दिसते.)

आता मुद्द्याकडे वळते. नारो सदाशिव रिसबुड यांनी १८६८ साली 'मंजुघोषा' लिहिली. तिच्या प्रस्तावनेतील त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आमच्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात चित्त वेधून घेईल असे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो. परीक्षेत या प्रस्तावनेवर आपण सारे तुटून पडतो आणि लगेच हरिभाऊ आपट्यांचे नाव घेतो. १८९० साली निघालेल्या 'करमणूक'मधून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली, आणि ज्या घरांत काही घडत नाही असे रिसबुडांना वाटले होते त्याच घरांतील यमूची कहाणी वाचून लोक हळहळले. इथवरचे सारे पाठ्यपुस्तकी आहे. यावरून अद्भुत वाईट आणि वास्तव चांगले, असा निकाल काढायची आपल्याला खोड लागली आहे. ती मला मान्य नाही. तरंगता किल्ला मला चालतो. एवढेच नव्हे, मालिकेचा पहिला भाग मला अतिशय आवडला. रिसबुडांचे खरे चुकले ते साधी माणसे पाहण्याजोगी नसतात असे धरून चालण्यात, आणि या मालिकेवर माझा आक्षेप तोच आहे. दहा हजार साधी माणसे किल्ल्यात कोंडून ती एकट्या किरितोकडे पाहत बसते.

पहिल्याच भागातील एक आकडा पाहा. कायाबा सांगतो, की सूचना देऊनही काही घरच्यांनी ते यंत्र काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यामुळे २१३ जण आधीच मरण पावले आहेत. म्हणजे कोणा आईने किंवा भावाने घाबरून, मायेपोटी, आपल्याच माणसाच्या डोक्यावरचे यंत्र ओढले आणि त्याच हाताने त्याला मारले. याहून भयंकर प्रसंग साऱ्या मालिकेत नाही. त्या २१३ घरांत पुढे काय झाले? मालिका तिकडे पुन्हा फिरकत नाही. आकड्याचे काम चौकातील गर्दीला घाबरवण्याचे होते, ते झाले. पहिल्या महिन्यात दोन हजार माणसे मरतात, तेही एका वाक्यात. अखेरीस दहा हजारांतील ६,१४७ जिवंत सुटतात. म्हणजे सुमारे चार हजार मेले. वजाबाकी आपली आपण करायची.

मी चिंचोटीची असल्यामुळे हे मला अधिक खटकत असेल. आमच्याकडील धबधबा पाहायला पावसाळ्यात मुंबई-ठाण्याहून लोंढे येतात, दर काही वर्षांनी कोणी बुडते, पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघतात. २०१८च्या जुलैत ओढ्याचे पाणी एकाएकी वाढून शंभराहून अधिक पर्यटक जंगलात अडकले होते. बचावपथकांनी आणि गावकऱ्यांनी त्यांना बाहेर काढले. एकाचा मात्र जीव गेला. वर्तमानपत्रात तो 'एक' असतो. गावात तसे नसते. मागाहून येणारे नातेवाईक महामार्गावर उतरून वाट विचारतात, ती दाखवायला कोणाला तरी बरोबर जावे लागते, आणि जाणारा त्या दिवशी घरी येऊन नीट जेवत नाही. एका मरणाचे एवढे असते. चार हजार मरणांची गोष्ट सांगणाऱ्याने त्यांतल्या चाळिसांची तरी दखल घ्यावी, ही अपेक्षा फार नव्हे.

ती दखल घेता आली नसती असेही नाही, हेच तर दुःख आहे. तेराव्या भागात निशिदा नावाचे एक वयस्क गृहस्थ येतात. खेळाशी संबंधित जाळ्याच्या कंपनीतील ते अधिकारी. आपले काम पाहायला म्हणून आत शिरले आणि अडकले. बाविसाव्या मजल्यावरील तळ्याकाठी ते मासे धरत बसतात. लढणे त्यांना जमणारे नाही, सुटण्याची आशा त्यांनी जवळजवळ सोडली आहे, आणि त्यांची सर्वांत मोठी खंत कोणती, तर माशाबरोबर सोया सॉस नाही. असुनाने चवींचे प्रयोग करून तो सॉस खेळात तयार केलेला असतो. त्याची चव घेताना त्यांचा चेहरा पाहावा. दोन वर्षांची कैद त्या एका घासात आली आहे. आपल्याकडचा माणूस परमुलखात आंबट वरणासाठी झुरतो, तसेच हे. हरिभाऊ असते तर त्यांनी निशिदांना सोडले नसते. मालिका अर्ध्या भागात त्यांचा निरोप घेते, कारण नायकाला लढाईवर जायचे असते.

तसेच पहिल्या मजल्यावरील गावाचे. अकराव्या भागात साशा नावाची तरुणी चर्चमध्ये अडकलेल्या लहान मुलांना सांभाळते, आणि 'लष्कर' म्हणवणारी खेळाडूंचीच एक टोळी त्यांच्याकडून कर उकळते. कैदेतही माणसे कर बसवतात! इथे केवढा विषय होता : सत्ता कशी उभी राहते, दुबळ्यांना कोण सांभाळते, वर चढू न शकणाऱ्या हजारोंचे रोजचे जेवणखाण कसे चालते. पण किरितो-असुना येतात, धाकदपटशा करणाऱ्यांना तलवारीचे पाणी दाखवतात आणि प्रश्न मिटतो. याच ओघात युई भेटते. खेळाडूंच्या मनाची दुखणी बरी करण्यासाठी तयार केलेली ती एक संगणक-प्रणाली. पण पहिल्याच दिवशी तिला माणसांशी बोलण्यास मनाई होते आणि हजारोंची भीती व निराशा नुसती पाहत राहून ती बिघडते. मालिकेतील ही सर्वांत खोल कल्पना. तिचेही शेवटी काय होते, तर ती या जोडप्याची लाडकी लेक बनते.

असे का झाले याचे एक कारण ग्रंथेतिहासात आहे, आणि अभ्यासकाने ते ध्यानात घ्यायला हवे. लेखक कावाहारा रेकी यांनी ही कथा मुळात २००२च्या सुमारास एका स्पर्धेसाठी लिहिली. ती मर्यादेपेक्षा लांबली, म्हणून स्पर्धेत न देता त्यांनी ती इंटरनेटवर ठेवली. पुस्तकाचा पहिला खंड २००९ साली आला. या खंडात निवेदन अगदी शेवटाजवळ, चौऱ्याहत्तराव्या मजल्यापाशी सुरू होते. साची, युई यांच्या मधल्या काळातील कथा दुसऱ्या खंडात सुट्या आल्या. २०१२च्या जुलै ते डिसेंबरमध्ये मालिका आली तेव्हा या सुट्या कथा काळाच्या क्रमाने ओवल्या गेल्या. त्यामुळे दर भागाला एक नवी मुलगी, तिचे एक संकट, किरितोकडून तिची सुटका, आणि मधले मजले गायब, असा आकार झाला. कथांचा संग्रह म्हणून जे खपले असते, ते सलग चरित्र म्हणून विस्कळीत वाटते.

आता नियमाविषयी. मालिकेने आपला नियम एकदा फार प्रामाणिकपणे पाळला आहे, म्हणून पुढचा भंग अधिक लागतो. तिसऱ्या भागात किरितो आपले खरे सामर्थ्य लपवून एका लहानशा गटात सामील होतो. सापळ्यात सापडून त्यातील चौघे त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. भेदरट, प्रेमळ साची ही त्यांतली एक. पुढे नाताळच्या रात्री मृताला जिवंत करणारी वस्तू मिळते अशी वदंता ऐकून तो वेड्यासारखा एकट्याने झुंजतो. वस्तू मिळतेही, पण मरणानंतर दहा सेकंदांच्या आतच तिचा उपयोग होतो असे तिच्यावर लिहिलेले असते. त्या दहा सेकंदांनी माझ्या अंगावर काटा आला. मरण म्हणजे मरण, हे त्या ठिकाणी मालिकेने नायकालाही सोसायला लावले.

आणि चौदाव्या भागात? असुना नायकाला वाचवताना मरते, त्याची स्वतःची प्राणरेषाही शून्यावर येते, तरी निव्वळ इच्छाशक्तीच्या बळावर तो उभा राहून शत्रूला मारतो. आणि मागाहून दोघेही जिवंत निघतात. ती दहा सेकंदे पुरी झाली नव्हती, असा बचाव माझे मित्र करतात. असेल. पण मग साचीच्या वाट्याला जी नियमाची कठोरता आली ती कोणासाठी होती? आपल्याकडे अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते; आणि तो अर्जुनाचा मुलगा, कृष्णाचा भाचा असूनही व्यासांनी त्याला बाहेर काढले नाही. द्रौपदी-सुभद्रेचा शोक म्हणूनच आपल्याला खरा वाटतो. हे सगळे का केलेस, असे विचारल्यावर कायाबा म्हणतो की कारण तो केव्हाच विसरला. चार हजार माणसांच्या मारेकऱ्याचे हे उत्तर नायक शांतपणे ऐकून घेतो. त्याच्या जागी त्या २१३ घरांपैकी कोणी आई उभी असती तर?

असुनाविषयी एक परिच्छेद लिहिल्यावाचून राहवत नाही. पूर्वार्धात ती अग्रगण्य तुकडीची उपप्रमुख आहे. तिच्या तलवारीच्या वेगाचा लौकिक आहे. उत्तरार्धात तिच्या वाट्याला सोन्याचा पिंजरा आणि सुगोऊ नावाच्या लंपट माणसाचा छळ येतो. किरितोला मात्र जुन्या खेळातील कौशल्ये नव्यात आयतीच मिळतात. घरी राहिलेल्या माणसांचा विषय या भागात सुगुहाच्या रूपाने येतो खरा. दोन वर्षे रुग्णालयात निजलेल्या भावाकडे पाहणारी बहीण, केवढी जागा होती! पण ती चुलत का मावस या तपशिलात शिरून मालिका तिलाही त्याच्या प्रेमात पाडते. ज्या मैत्रिणींना ही मालिका प्रेमकथा म्हणून भावते त्यांच्याशी माझा वाद नाही. बाविसाव्या मजल्यावरच्या त्या लहानशा घरातील प्रसंग खरोखरच गोड आहेत, आणि काजिउरा युकी यांचे संगीत तर मी अजून ऐकते.

'करमणुकीत एवढे कशाला शोधतेस?' असे एका मित्राने विचारले. हरिभाऊंच्या साप्ताहिकाचे नावच 'करमणूक' होते, एवढेच त्याला म्हणाले. दुसऱ्याचे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे होते. तो म्हणाला, 'आम्ही काय, रोज कोणाच्या तरी गर्दीतलेच असतो. तासभर किरितो व्हायला मिळते, ते तरी मिळू दे.' हे मला खोडता येत नाही. विरारच्या गाडीत दाराशी लोंबकळणाऱ्याला एकट्याने रस्ता कापणारा नायक हवासा वाटणारच. तरी मला राहून राहून वाटते, की त्या किल्ल्यात आपण सापडलो असतो तर आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्या मजल्यावरच राहिलो असतो, कर देत किंवा मुले सांभाळत. आणि आपली गोष्ट सांगायला कोणी आले नसते.

स्वतः कावाहारांनाही मधले मजले खुणावत असावेत. मालिका चालू असतानाच, २०१२च्या ऑक्टोबरात, त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह' या नावाने ही कथा पहिल्या मजल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. तिच्यावरचा पहिला चित्रपट २०२१ साली आला. तो असुनाच्या बाजूने सांगितला आहे : तिची शाळा, तिचे घर, भावाचे यंत्र तिने डोक्यावर चढवणे, खेळातली तिची मैत्रीण. पहिला मजला सर व्हायला अख्खा चित्रपट लागतो, आणि मला तो आवडला. पुढच्याच वर्षी दुसरा आला. त्यात ते थेट पाचव्या मजल्यावर आहेत.