पेत्राचे पाय



आज्ञागुरुवारी वेदीपुढे बारा जणांचे पाय धुतले जातात, तेव्हा आपले सगळे लक्ष धर्मगुरूंकडे असते. आज आपण खुर्चीवर बसलेल्यांकडे पाहू. योहानकृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात पेत्र आपले पाय मागे घेतो. गुरूने वाकून आपले पाय धुवावेत हे त्याला सोसत नाही. पण तू धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा काही संबंध नाही, अशा अर्थाचे प्रभू त्याला बजावतो. सर्वांचे पाय धुऊन झाल्यावरच तो शिष्यांना एकमेकांचे पाय धुण्यास सांगतो. आधी घेणे, मग देणे. हा क्रम आपण बहुधा विसरतो.

आपल्याच मराठवाड्यातील एक उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण लोहाऱ्याजवळचे सास्तूरही तितकेच उद्ध्वस्त झाले. लोहारा आज तालुका आहे, तेव्हा तो भाग उमरगा तालुक्यात होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अधिकृत नोंदीनुसार सुमारे ८,००० माणसे गेली. देशभरातून आणि परदेशांतूनही मदत आली. ख्रिस्ती संस्थाही धावून आल्या.

त्या पहिल्या दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यानंतरची वर्षे अधिक शिकवतात. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील तडे गेलेली घरे लोकांनी स्वतः दुरुस्त करावीत अशी सरकारची योजना होती. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजारावर गावांत महिला मंडळाच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. योजना समजावून सांगणे, अडलेल्या हप्त्यासाठी पाठपुरावा करणे, भिंतीचे दोन थर सांधणारे दगड नीट बसले की नाही ते पाहणे, ही त्यांची कामे. यात फोटो काढण्यासारखे काहीच नव्हते. पूर्वी चारचौघांत न बोललेल्या बायका गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या स्त्रियांपैकी काही जणी तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण घर कोसळलेल्या बाईजवळ कसे बसायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. एके काळी त्यांच्याजवळही कोणीतरी असेच बसले होते.

या बहुतेक स्त्रिया ख्रिस्ती नव्हत्या. म्हणूनच मत्तयच्या २५ व्या अध्यायातील नीतिमानांची आठवण होते. प्रभू, आम्ही तुला उपाशी कधी पाहिले, असे ते आश्चर्याने विचारतात. आपण कोणाची सेवा केली हे त्यांना माहीतच नसते. आपल्याला मात्र ते माहीत आहे, रविवारी ऐकले आहे, त्यामुळे सबब उरत नाही.

मग आपल्या धर्मग्रामात काय चालते? आपत्ती आली की आपण जुने कपडे काढतो. खरे सांगायचे तर त्यातले काही आपण स्वतः घातले नसते. पाकिटात पैसे घालणे त्याहून सोपे. पण सरकारी दवाखान्यात शेजाऱ्यासाठी केसपेपरच्या रांगेत उभे राहणे, एकट्या आजीबाईंच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर जाणे, यासाठी अर्धा दिवस मोडतो. प्रेमाने एकमेकांचे दास व्हा असे संत पौल गलतीकरांना लिहितो, तेव्हा तो हा अर्धा दिवसच मागतो, असे आम्हाला वाटते.

आणि त्या आजीबाई? त्या म्हणतात, “कशाला उगीच त्रास, माझं मी बघेन.” हेही पेत्राचेच पाय. आजारपण लपवणारी, अडचण सांगायला लाजणारी कितीतरी घरे आपल्यात आहेत. त्यांनी दार उघडले नाही तर आपण कोणाचे पाय धुणार?

या आठवड्यात रोझरीनंतर योहान १३:१-१५ हा उतारा कुटुंबाने मिळून वाचावा. मग प्रत्येकाने, घरातल्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा, एकच गोष्ट सांगावी: या महिन्यात मी कोणाची मदत घेतली.