तिखटाविना मिरची : परसबागेचा एक धडा

मिरची म्हणजे तिखट, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मिरचीची पारख केवळ तिखटपणावर होत नाही, हे आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्यांस ठाऊकच आहे. २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची गर्द लाल रंगासाठी व सौम्य चवीसाठीच प्रसिद्ध आहे. रंग, सुवास आणि तिखटपणा हे मिरचीचे निरनिराळे गुण होत. तिखटपणा येतो तो कॅप्सेसिन व तत्सम द्रव्यांमुळे, आणि ही द्रव्ये बियांत नव्हे, तर बिया ज्यास चिकटलेल्या असतात त्या आतील पांढऱ्या गरात तयार होतात.

१९१२ साली अमेरिकेतील विल्बर स्कोव्हिल यांनी तिखटाचे माप ठरविले. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला असता जिभेस तिखट लागेनासा होतो, तो आकडा हेच ते माप. हबानेरो मिरचीचा आकडा एक लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जातो. ईशान्य भारतातील भूत जोलोकिया ही तिचीच नातलग. हबानेरोस पिकल्या फळासारखा सुरेख सुवास असतो, पण तिखटामुळे तो अनुभवता येत नाही. म्हणून न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाने २००४ साली ‘न्यूमेक्स स्वाव्हे’ हे अत्यंत सौम्य वाण प्रसिद्ध केले. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल माझुरेक यांनी संकर व निवड करून ‘हबानाडा’ हे तिखटरहित वाण सिद्ध केले.

एका बागायतदार स्नेह्याकडून मिळालेले असे बी आम्ही उचगावी परसात लावले. उगवण्यास दोन-तीन आठवडे लागले. येथील मुसळधार पावसात पाणी साचू नये म्हणून रोपे उंच वाफ्यात लावली. फळे सुगंधी आली. तोंड येण्याच्या विकाराने मिरची वर्ज्य झालेल्या आमच्या थोरल्या वहिनींनी कित्येक वर्षांनी मिरचीची भाजी समाधानाने खाल्ली.

दुसऱ्या वर्षी घरचेच बी लावले. “वहिनी, निःशंक खा,” असे आम्हीच सांगितले. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. चूक आमचीच होती. शेजारी लवंगी मिरचीची रोपे होती व मधमाश्यांनी पराग इकडून तिकडे नेला होता. तिखटपणाचा गुण प्रबळ असल्याने संकरित बियांची झाडे तिखट निघतात. परपरागाने त्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही. बिघाड बियांत दडून राहतो. म्हणजे नमुना चाखून दोष कळत नाही!

यास्तव बी धरावयाचे असल्यास कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर मलमलीची पिशवी बांधावी व फांदी हलकेच हलवावी. फळ धरताच पिशवी काढून देठास खुणेचा दोरा बांधावा, आणि त्याच फळाचे बी राखावे. नव्या झाडाचे पहिले फळ मात्र आधी स्वतः चाखावे.

आयुष्यभर पोत्यातील धान्य हातावर घेऊन आम्ही मालाची हमी दिली. बियाची हमी देण्यास मागील हंगामही पाहावा लागतो, हे मात्र आम्ही वहिनींच्या ताटाशी शिकलो.