उष्ण कटिबंधातील थंडीची लाट : स्वरूप आणि उपाय

कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातून जाते. म्हणजे आपले संपूर्ण राज्य उष्ण कटिबंधात मोडते. अवर्षण, अतिवृष्टी आणि उन्हाळा यांचा विचार येथे पिढ्यान्‌पिढ्या होत आला. थंडीचा मात्र क्वचितच झाला. तथापि, १७ जानेवारी १९३५ रोजी पुणे येथे १.७ अंश, २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत ७.४ अंश आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूर येथे ३.५ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदविले गेले. ही संकटे वारंवार येत नाहीत, हे खरे; परंतु म्हणूनच ती समाजाला बेसावध गाठतात.

थंडीची लाट म्हणजे काय?

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार, सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली गेले, तर थंडीची लाट मानली जाते. किमान तापमान ४ अंश वा त्याहून कमी झाल्यास सरासरीचा हिशेब न पाहताही लाट मानण्यात येते. किनारपट्टीसाठी १० अंशांऐवजी १५ अंशांची मर्यादा धरतात.

हा भेद अर्थपूर्ण आहे. थंडीची बाधा केवळ पाऱ्यावर नव्हे, तर माणसाच्या सवयीवर आणि तयारीवर अवलंबून असते. शीत प्रदेशातील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. आपली घरे ती बाहेर घालविण्यासाठी. पत्र्याचे छप्पर, कुडाच्या भिंती आणि उघडा ओटा ही उन्हाळ्यातील सोय थंडीच्या रात्री गैरसोय ठरते.

कारणमीमांसा

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वातावरणीय विक्षोभ हिमालयात बर्फवृष्टी करून पुढे सरकले, की उत्तरेचे थंड व कोरडे वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. आकाश निरभ्र असल्यास दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने गमावते. वारा पडला, तर जड झालेली थंड हवा सखल भागात साचते. नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या निफाड परिसरात पारा पुष्कळदा शहरापेक्षा खाली उतरतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावालगत दवबिंदू गोठतात, तेही अशाच रात्री.

पिके आणि पशुधन

थंडी सर्वस्वी अनिष्ट नाही. गहू व हरभरा यांना ती मानवते. द्राक्ष आणि केळी यांचे मात्र तिने मोठे नुकसान होते. पक्वतेकडे झुकलेल्या द्राक्षांचे मणी कडाक्याच्या थंडीत तडकतात आणि वर्षभराची मेहनत काही रात्रींत वाया जाते. जळगाव जिल्ह्यातील केळीबागांत पानांची वाढ खुंटते व घड पोसत नाहीत.

यावरील उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत. रात्री किंवा पहाटे हलके पाणी द्यावे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता साठविते व ती सावकाश सोडते. बागेभोवती शेवरीसारख्या झाडांचे वारारोधक कुंपण असावे. केळीचे घड पिशव्यांनी झाकावेत. पहाटे बांधावर शेकोट्या पेटविण्याची रीतही प्रचलित आहे. मात्र वाळलेल्या पिकापासून आग दूर ठेवावी. गोठ्याच्या वाऱ्याकडील बाजूस गोणपाट लावावे, खाली कोरडे गवत अंथरावे आणि वासरांना उघड्यावर ठेवू नये.

माणसांची काळजी

सर्वाधिक धोका कोणास, हे गावाने आधीच ओळखले पाहिजे. नवजात बालके, वृद्ध, दमेकरी व हृदयरोगी तर त्यात येतातच. शिवाय ऊसतोड कामगारांची कुटुंबेही येतात. गळिताचा हंगाम नेमका हिवाळ्यातच असतो. ही माणसे उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात आणि पहाटेच्या अंधारात फडावर जातात. बाहेरगावची असल्याने गावाच्या यादीत त्यांचे नाव नसते. वीटभट्टीवरील मजुरांची स्थितीही याहून निराळी नाही.

दोन अपसमज दूर करणे अगत्याचे आहे. पहिला असा, की खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटविणे सुरक्षित आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. दुसरा असा, की मद्याने ऊब येते. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे क्षणभर ऊब भासली, तरी शरीराची उष्णता अधिकच वेगाने निघून जाते. कमी वजनाच्या नवजात बालकास मातेच्या उराशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणे हा बिनखर्ची व परिणामकारक उपाय होय.

पंचायत व शाळा यांचे कार्य

थंडीची लाट व हिमदव यांचा समावेश २०१२ मध्ये आपत्ती निवारण निधीतून साहाय्य मिळू शकणाऱ्या नैसर्गिक आपत्तींत करण्यात आला. परंतु साहाय्य घटनेनंतर मिळते. तयारी आधी करावी लागते. हवामान विभागाचा इशारा येताच तो फलकावर लिहावा व दवंडी द्यावी. समाजमंदिर वा शाळेची एक खोली निवाऱ्यासाठी रात्री खुली ठेवावी. वापरात नसलेली घोंगडी, गोधड्या व स्वेटर दिवाळीनंतर गोळा करून कोपी व भट्ट्यांवर पोहोचवावेत. शाळेची वेळ सकाळची असल्यास ती पुढे नेण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी वेळीच पाठवावा. सातपुड्यातील आश्रमशाळांत पांघरुणे आणि अंघोळीचे गरम पाणी यांची पाहणी थंडी सुरू होण्यापूर्वीच व्हावी. विद्यार्थ्यांकडून रोजच्या किमान तापमानाची नोंद ठेवविल्यास विज्ञानाचा पाठही होईल आणि गावाला स्वतःची आकडेवारीही लाभेल.

थंडीच्या लाटेत पूर येत नाही, घर पडत नाही. कोपीत किंवा रस्त्याच्या कडेला रात्रीतून माणूस दगावतो आणि त्याची नोंद बहुधा अन्य कारणाखाली होते. म्हणूनच या आपत्तीत गावाची दक्षता हेच खरे पांघरूण होय. एका गोधडीची किंमत अल्प असते. ती वेळेवर पोहोचली, तर मात्र तिचे मोल एका जीवाइतके असते.